कव्हरचा कान

४ तारीख, रविवार
हिच्या स्कूटरखाली तेलाचे थेंब. इंजिनच्या कव्हरचा एक बोल्ट सैल वाटला. आवळला. खात्रीसाठी आणखी अर्धा फेरा दिला, तर बोल्ट ज्या कानातून जातो तो कानच तुटून हातात आला. कास्टिंग मुळातच कच्चं असणार. हिला तसंच सांगितलं. मॉडेल बंद झालंय, नवं कव्हर मिळत नाही. बुधवारपर्यंत करून देतो म्हणालो. ही हॉस्पिटलात सिस्टर, सकाळी सातची ड्यूटी. तोवर दोन बस बदलून जाईल.

५, सोमवार
वेल्डिंगवाल्याला विचारून आलो. म्हणाला, कव्हर आणि तुकडा आहे तसा आणा, काही करू नका. हे मला सांगतो. जरा साफसूफ करून नेऊ. कळकट वस्तू कुणापुढे ठेवायची आपल्याला सवय नाही.

७, बुधवार
तुटलेल्या कडा फार खडबडीत. दोन्हीकडे कानस लावली.

८, गुरुवार
अजून कानस. मग पॉलिश पेपर. कडा काचेसारख्या झाल्या. आई म्हणाली, तुझ्या बाबांनी मिक्सर असाच उघडला होता. बाबांची आठवण निघाली, बरं वाटलं.

१०, शनिवार
तुकडा जागेवर धरला तर भोक बोल्टासमोर येईना. दोन मिलिमीटर कमी. धातू आकसला असावा. हिला बसमुळे दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला तर महिनाभर रात्रपाळी, असं मेट्रन म्हणाली. ही उभ्यानेच चहा पिऊन गेली. पाय सुजलेत. उद्या नक्की.

११, रविवार
भोक कानसेने लांबट केलं. तुकडा इपॉक्सीने चिकटवला, कव्हर बसवलं, तेल भरलं. दगडासारखं बसलंय. वेल्डिंगवाल्याची गरज नाही.

१२, सोमवार
६.२०. ही स्कूटरवर गेली. थकलेली होती, पण समाधान दिसत होतं.
७.१०. हिचा फोन. तुकडा निखळला, तेल रस्त्यावर. वास येताच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. इपॉक्सीच्या पाकिटावर गरम इंजिनाबद्दल एक अक्षर नाही.
८.००. चष्मा लावून पाहिलं. आहे.

१३, मंगळवार
रात्रपाळी लागली. दिवसा घर शांत मिळेल, असं हिला म्हणालो. हिने भिंतीकडे तोंड केलं.

१६, शुक्रवार
ही बुधवारीच झोप सोडून स्वतः कव्हर घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेली होती. कडा जुळेनात म्हणून त्याने धातू भरून सगळा कानच नव्याने घडवला. आजपर्यंत तीन दिवस लागले. गाडी त्यानेच जोडून दिली. घरी येऊन ही एवढंच म्हणाली, "तुटला तसा आणला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, म्हणाला तो."
संध्याकाळी पहिल्या किकला सुरू झाली. मी गॅलरीतून हात हलवला. हिने पाहिलं नाही. गाडीचा आरसा फिरलेला असावा. उतरून नीट करून देणार होतो.
राहू दे.