आरशांची जबाबदारी माझी

१२ मार्च, सकाळी ६.१०

रिटायर होऊन सहा महिने झाले. आजपासून आयुष्याला दिशा.

लेक दिव्यानी नागपूरहून ब्युटीपार्लरचा कोर्स करून आली. आपल्या समोरच्या खोलीत पार्लर टाकणार. पहिली ऑर्डरही मिळाली. शेजारच्या सोमाजीभाऊंच्या रोशनीचं लग्न २० एप्रिलला आहे, नवरीचा मेकअप हिच्याकडे. कॉलनीतली प्रत्येक बाई त्या दिवशी रोशनीचं तोंड बघणार. जमलं तर पार्लर चाललं, नाही तर दिव्यानी परत नागपूरला नोकरीला. हे ती स्वतःच म्हणाली.

तिला फक्त एक मोठा आरसा हवा आहे. काचवाल्याकडून आणते म्हणत होती. मी थांबवलं. साधा आरसा कोणीही आणेल. मोबाईलवर सविस्तर व्हिडिओ पाहिला आहे. जुने, विंटेज आरसे लावले की खोली दुप्पट दिसते आणि घराला खानदानी लुक येतो. आरशांची जबाबदारी माझी, असं जाहीर केलं.

दिव्यानी म्हणाली, बाबा, फक्त तोंड दिसलं पायजे. पोरीला अजून दृष्टी नाही. येईल.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. ऑफिस सुटल्यापासून माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं.

१३ मार्च

बायकोला, कमळाला, व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला. मग म्हणाली, लोकाईचे जुने आरसे आपल्या घरी काऊन जी? मी विषय संपवला.

१९ मार्च

साळा लटारू घुग्घुसला खाणीत आहे. त्याला फोनवर म्हटलं होतं, विंटेज आरसा दिसला तर कळव. आज माणसाबरोबर पाठवलासुद्धा. भंगारात गेलेल्या ट्रकचा साइड मिरर. गोल, बाहेरून फुगीर. कोळशाची धूळ तीनदा धुतली, तरी निघते.

दारासमोर लावला. त्यात माणूस रुंद दिसतो. कमळाने एकदा पाहिलं आणि तेव्हापासून मागच्या दाराने ये-जा करते. मी हे कौतुक समजतो.

२७ मार्च

दुसरा आरसा मिळाला. लंबगोल, अंदाजे ऐंशी वर्षांचा. जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर पडून होता. काचेत काळे डाग आहेत. त्यालाच पॅटिना म्हणतात, त्यालाच तर किंमत.

संध्याकाळी फिरून आलो तर कमळाने तो राखेने घासून ठेवलेला. पुढून आणि मागून. मागचा पारा खरवडून निघाला. आता अर्ध्या भागात माझं तोंड आणि अर्ध्यात भिंत दिसते.

आधी चिडलो. मग लांबून पाहिलं. असा इफेक्ट बाजारात मिळणार नाही. तसाच लावला.

दिव्यानीने विचारलं, बाबा, मोठा आरसा कधी? सगळं प्लॅनमध्ये आहे, असं सांगितलं. प्लॅन उद्या करायचा आहे.

२ एप्रिल, आलापल्ली

मिळाला!! मुख्य आरसा मिळाला.

हरिदास न्हाव्याचं जुनं सलून. मी वनविभागाच्या लाकूड डेपोत होतो तेव्हा एकतीस वर्षं याच आरशासमोर कटिंग केली. आता मुलाने नवीन दुकान टाकलं, हा आरसा गोठ्यात उभा. साडेचार फूट उंच, वर कोरलेले दोन मोर. हरिदास म्हणाला, घेऊन जा भाऊ, शेळ्या धडका मारून राह्यल्या त्याले. माया बाप सांगे, बेल्जमचा हाये.

बेल्जियम! आणि फ्रेम अस्सल सागवानाची. हे हरिदासला माहीतच नव्हतं, मी सांगितलं. तो म्हणाला, असं का? माणसं आयुष्यभर जवळ राहतात, पण वस्तूची पारख वेगळी गोष्ट आहे.

डाग बरेच आहेत. पण मधोमध नाहीत. म्हणजे अगदी मधोमध आहेत, पण बाजूला कमी आहेत.

३ एप्रिल, रात्री ८

दिवस थोडा लांबला.

पोचूच्या टेम्पोत आरसा उभा बांधून निघालो. वनविभागाच्या नाक्यावर गाडी थांबवली. वनरक्षक म्हणून माधवी नावाची मुलगी, दिव्यानीच्याच वयाची. लाकडाचा वाहतूक परवाना मागितला. तिला सांगितलं, बाई, असे हजारो परवाने मी याच हातांनी लिहिले आहेत. ती म्हणाली, मग तर तुमाले माहीतच असन, काका.

मुलगी चांगली. फ्रेमवर नख मारून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, आंब्याची दिसते, जुनं घरगुती सामान लिहितो, जा तुमी. पोचूने गाडी सुरूपण केली.

आंब्याची! एकतीस वर्षं सागाच्या डेपोत काढलेल्या माणसासमोर! मी पोचूला गाडी बंद करायला लावली. तिला सागाचे गुणधर्म समजावले. ती म्हणाली, काका, आंबाच राहू द्या ना. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तिथेच लेखी दिलं, की सदर चौकट अस्सल सागवानाची असून याची मला पूर्ण खात्री आहे. तीन प्रतीत. सही, तारीख, पूर्वीचा हुद्दा.

तिने तिन्ही प्रती वाचल्या. मग म्हणाली, आता सागाचा परवाना दाखवाच लागते.

आरसा नाक्यावर जप्त. पंचनामा ती चुकीच्या क्रमाने लिहीत होती, मी दुरुस्त करून दिला. येताना पोचू एक शब्द बोलला नाही. प्रभावित झाला असावा.

४ एप्रिल

घरी हे सगळं योग्य शब्दांत सांगितलं. कमळा म्हणाली, थे पोरगी सोडून राह्यली होती, अन् तुमीच बांधून दिला?

दिव्यानीने कॅलेंडर पाहिलं. फक्त म्हणाली, काचवाल्याकडून साधा आणू का, वेळ हाये अजून. मी नाही म्हटलं. बापावर विश्वास नाही का, असंही म्हटलं. ती उठून आत गेली. मला ते आवडलं नाही, पण शब्द मागे घेतला नाही.

१३ एप्रिल

आरसा 'तपासणीसाठी प्रलंबित'. माझं अक्षर बघून ओळखतील आणि सोडतील असं वाटलं होतं. ऑफिसात सगळे नवीन आहेत.

१८ एप्रिल

आरसा सुटला. सोबत तपासणीचं पत्र, 'सदर चौकट आंब्याच्या लाकडाची आहे. परवान्याची आवश्यकता नाही.'

नवीन पिढीला लाकूड कळत नाही. पत्र कपाटात खाली ठेवलं.

आरसा समोरच्या खोलीत लावला. खोली दुप्पट नाही तरी दीडपट दिसते. दिव्यानी समोर खुर्ची ठेवून बसली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, उठली. कसा आहे विचारलं. मोर छान हायेत म्हणाली.

२० एप्रिल, पहाटे ५

आज रोशनी. मी तयार आहे.

२० एप्रिल, सायंकाळी ६

सविस्तर लिहितो.

रोशनी आली, मोरांच्या आरशासमोर बसली. दिव्यानी एक भुवई करून सरळ झाली, तर नवरीला आरशात ती भुवईच सापडेना, नेमका डाग तिथे. मग लंबगोलात पाहिलं, तिथे भिंत. मग रोशनी दारातल्या ट्रकच्या आरशात वाकून पाहायला गेली आणि रडायला लागली. तिची आई म्हणाली, पोरीचं तोंड येवढं सुजलं कायले?

मी समजावलं, की ही काच तसं दाखवते, तोंड ठीक आहे. कोणी ऐकलं नाही. दिव्यानीने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला ते दिसलं. काय करावं सुचलं नाही, म्हणून मोर पुसले.

मग तिने रोशनीचा हात धरला, आमच्या झोपायच्या खोलीत नेलं, दार लावलं. तिथे लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला हातभर आरसा. कमळाच्या माहेरचं कपाट. तासाभराने दार उघडलं.

रोशनी फार सुंदर दिसत होती. सोमाजीभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडपात दोन बायांनी दिव्यानीचा नंबर घेतला.

एकंदरीत पार्लरची सुरुवात यशस्वी. माझी समोरची खोली वेटिंग हॉल म्हणून उत्तम ठरली.

३० एप्रिल

रोज पाच-सहा बाया येतात. माझ्या तिन्ही आरशांसमोरून जातात आणि कपाटाच्या खोलीत शिरतात. दुपारची झोप बंद. अंगातली बंडी खोलीत राहिली तर दार ठोकून मागावी लागते.

आज एका बाईने विचारलं, भंगारवाला कधी येते तुमच्याकडे? तिला पॅटिना समजावला. तिने मान हलवली आणि डोकं धुवायला गेली.

९ मे

दिव्यानीने बस स्टँडजवळ एक गाळा भाड्याने घेतला. आपल्या कमाईतून काचवाल्याकडचा साधा आरसाही घेतला, सहा बाय चार. आम्हाला ठरल्यावर सांगितलं. कमळाला आधी माहीत होतं.

मी म्हटलं, मोरांचा आरसा घेऊन जा, शोभेला. ती म्हणाली, तुमचा घरीच राहू द्या बाबा. तिथं लोकं तोंड पाहाले येतेत.

चांगल्या आवाजात म्हणाली. तरी लागलं.

१५ मे, दुपारी ३

उद्घाटन झालं. फीत रोशनीने कापली, माहेरी आली आहे. मी नारळ धरून उभा होतो.

गर्दी कमी झाल्यावर दिव्यानी म्हणाली, बाबा, या खुर्चीत बसा. मला वाटलं फोटो. बसलो. समोर तो सपाट, पांढऱ्या लाइटचा आरसा. त्यात एक म्हातारा. डाव्या जबड्याखाली बोटभर जागेत दाढी, महिन्याभराची, पांढरी, तशीच राहिलेली. घरी मी मोरांच्या आरशात दाढी करतो. तिथे ती जागा डागात येते.

असाच फिरलो सगळीकडे? आज फीत कापतानासुद्धा? तिने मान डोलावली. मग सांगितलं का नाही, म्हणून विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं जी बाबा. दोनदा. तुमी म्हणले, आरशात तं दिसत नाई.

मला फार लाज वाटली. तिने माझी हनुवटी धरून वर केली आणि कात्री घेतली. आरशात तिचं तोंड माझ्या डोक्यावर दिसत होतं. काम करताना ती खालचा ओठ दातात धरते. थकलेली दिसली. महिनाभर ती माझ्याच घरात काम करत होती आणि मी हे पाहिलं नव्हतं. म्हटलं, दिव्या, मी तुला साधा आरसा आणू द्यायला हवा होता. ती म्हणाली, हलू नका, कान कापन.

पाच मिनिटांत उठवलं. पुढच्या बाईचा नंबर होता.