गाओहुआंगमध्ये शिरलेला आजार

१२ नोव्हेंबर, सकाळ
उजव्या खांद्यामागे कळ. कारण नसताना घाबरणे हा अविचार. मी तर्कशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. केवळ पत्नीच्या, रुइफांगच्या, आग्रहाखातर वैद्य गेंग यांच्याकडे गेलो. लक्षणे सांगितली नाहीत. मनगट पुढे केले. जो नाडीवरून ओळखत नाही, तो वैद्य कसला?

दुपार
मला बाहेर बसवून वैद्य सोबत आलेल्या रुइफांगशी हळू बोलले. दाराआडून एकच शब्द ऐकू आला : गाओहुआंग. हृदयाच्या खाली, श्वासपटलाच्या वर ती जागा. आजार तिथे शिरला की सुई पोहोचत नाही, काढा पोहोचत नाही. ही म्हण मी आयुष्यभर वर्गात शिकवली. उदाहरण म्हणून उत्तम आहे.
हात गार पडले. हवामान.

१३ नोव्हेंबर
रुइफांग आज एकदाही उलटून बोलली नाही. कोंबडीचा रस्सा केला. आमच्याकडे मरणाऱ्याला आजार सांगत नाहीत, खाऊ घालतात. वैद्य काय म्हणाले, असे विचारले. म्हणाली, "शनिवारी बोलावलंय. आधी जेवा." सिद्धता पूर्ण.
रस्सा दोनदा घेतला. निर्भयपणे.

१४ नोव्हेंबर
संकल्प : शनिवारी जायचे नाही. असाध्यावर उपचार करणे हा तर्कदोष. भीतीचा संबंध नाही. जिन्यात शेजारी थाओ म्हणाला, "मास्तर, चेहरा तोफूसारखा पांढरा का?" उपमा हे प्रमाण नव्हे, हे त्याला समजावताना पायरी चुकली. त्यानेच धरून वर आणले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
रुइफांगने ओढून नेले. "चला हो म्हातारबुवा, मरायचं असेल तरी नंबर लावावा लागतो."
वैद्यांना स्थिर स्वरात सांगितले : गाओहुआंग लपवू नका, मला सर्व ठाऊक आहे.
"वा! मास्तरांना बिंदूसुद्धा माहीत," म्हणत त्यांनी शर्ट काढायला लावला आणि फऱ्याच्या हाडालगत अंगठा दाबला. मी किंचाळलो. रांग हसली.
पाठीवरच्या त्या उपचारबिंदूचेही नाव गाओहुआंग. तिथे औषधी पाल्याची धुमसती कांडी धरून शेकायचे.
"पण म्हण?" मी.
"म्हण तुमची, पाठ माझी. वादात सारखा हात उंचावून खांदा आखडलाय. महिनाभर हात वर नाही."
हे निदान रुइफांगला पहिल्याच दिवशी माहीत होते. मग मला का सांगितले नाही?
"सांगितलं असतं, तर वाद घातला असता तुम्ही."
मी उत्तरादाखल हात उचलला. वैद्यांनी तो खाली केला. तिने त्यांना विचारले, "महिन्याऐवजी दोन महिने केलं तर चालेल का हो?"