धुळीचे डाग न पुसण्याविषयी

९ नोव्हेंबर १८७१

ओटिलीताई, तीन वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही आणि आता पाठवतो आहे ते मृत्युपत्र. क्षमा कर.

मी कोनराट व्हीगलेब, वय त्रेचाळीस, शाळेत निसर्गविज्ञान शिकवणारा, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. दबाव भीतीचा आहे. तो कायद्यात धरत नसावेत.

माझ्या जिभेच्या कडेला गाठ आली आहे. डॉक्टरांनी कापलेला तिचा तुकडा मी मागून घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून त्याचा फोटो काढला. फोटो सुंदर आला आहे, आईच्या लेससारखा. फक्त एका कोपऱ्यात काळे ठिपके दाटले आहेत.

सूक्ष्मदर्शक शाळेला द्यावा. विद्यापीठातल्या प्राध्यापक हागेडोर्न यांना त्याला हात लावू देऊ नये. ठिपके पाहून ते म्हणाले, "हाताने चित्र काढत जा हो. तुमचं यंत्र धूळसुद्धा मन लावून टिपतं."

कॅमेरा आणि रसायने माझा मित्र एमिल ब्राउझे याला. तो लोकांच्या तसबिरी काढतो. अट एकच: माझ्या फोटोंच्या एकाही काचेवर डाग झाकायला त्याने कुंचला फिरवू नये. काल गाठीच्या फोटोची काच त्याने उजेडात धरली.

"धूळ आहे रे. महापौरांच्या बायकोची चामखीळ उडवली मी, हे डाग काय घेऊन बसलास? कुंचल्याने झाकतो, मग दुकानात लावतो."

"आणि मी खरंच आजारी असलो तर?"

"फोटोत तरी बरा दिसशील."

मग तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघेना.

आईचे घड्याळ, पुस्तके आणि ती काच ताई, तुला. फोटो दुकानात लावायचा असेल तर लावा, पण खाली खरे काय ते लिहा.

खरे कळायला सोपी रीत आहे. मुलांना मीच शिकवतो. नमुना किंचित सरकवायचा. धूळ भिंगावर असेल तर ठिपके जागच्या जागी राहतात. माझ्यात असतील तर माझ्याबरोबर सरकतील. उन्हाशिवाय हे काम होत नाही, आणि आठवडाभर रोज सकाळी ढग पाहून मला हायसे वाटत आले. आज संध्याकाळी आभाळ निवळले.

कोनराट व्हीगलेब
ग्योटिंगेन, वरील तारखेस

साक्षीदार:
एमिल ब्राउझे (वाचले. कुंचला लावणार नाही.)
हेन्रिएटे लोट्झे, घरमालकीण

उद्या: तुकड्याची काचपट्टी केसभर उजवीकडे सरकवून दुसरा फोटो घेणे.