अर्धा कोयता

प्रिय अहो,

नाव लिहायला गेले की हात थांबतो, म्हणून एवढंच. हे पत्र तुमच्याआधी वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

जेलमध्ये व्यसनाच्या उपचाराची खोली सुरू झाली, ही बातमी खरी आहे. मंगळवारी भेट झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनीच मला सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या वारेमाप खपवणाऱ्या कंपनीकडून कोर्टानं भरपाई घेतली, त्यातून हा खर्च चालतो. संक्रांतीपर्यंत औषध नेमानं चाललं तर गोळी सुटेल, असं त्या म्हणाल्या. पण ही सोय आतल्यांसाठीच. बाहेर हेच औषध कुठं मिळेल, असं विचारलं, तर म्हणाल्या, पुण्याला.

परवा जाळीपलीकडून तुम्ही तक्रार केलीत, की आमटीत मीठच नसतं. नेकनूरच्या एसटीत बसल्यावर मी पदरात तोंड लपवून रडले. किती दिवसांनी तुम्हाला चव कळली होती!

लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवतो का? मला दिवस गेले होते. तुम्ही माझी मोळी हलकी बांधायचात आणि काढलेला ऊस आपल्या मोळीत घालायचात. पाठ गेली ती तिथंच. मग मुकादम रविराज सकाळच्या चहाबरोबर ताकदीची गोळी देऊ लागला. त्यानं वाईट चिंतलं नव्हतं. तो स्वतःही तीच घेतो. पुढं त्याची एक गोळी पुरेना, आणि शेवटी तुम्ही मेडिकलचं शटर फोडलंत.

काल रविराज दारात आला होता. तुमचा जामीनदार व्हायला तयार आहे. लेक सुटणार म्हणून आत्याबाईंना आनंद झाला, लगेच चहा टाकला. तो मला म्हणाला, "वहिनी, नवराबायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता फडात कुठं चालतोय व्हय?" सोडवून तुम्हाला थेट फडात न्यायचं आहे, हे मला कळलं. त्याच फडात, त्याच चहाला.

शेजारच्या ताराबाई ऐकत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनाही कुणी टोळीत घेत नाही. त्या म्हणाल्या, "दोन अर्ध्यांचा एक होत न्हाई का? मी अन् मंगल येतो की." रविराज लई हसला. जाताना मात्र म्हणाला, बघू. सकाळी त्याचा निरोप आला, या म्हणून. लेकरू आत्याबाईंजवळ राहील.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगते. येत्या बुधवारी वकील जामिनाचा कागद घेऊन येतील. त्यावर सही करू नका. बायकोनं नवऱ्याला जेलात राहा म्हणावं, यावर गाव बोलेल, आत्याबाईही बोलतील. बोलू देत. मला तुम्ही लवकर नकोत, पुरते हवे आहात. त्यानंतरच्या शुक्रवारी आमचा ट्रक निघेल आणि संक्रांतीपर्यंत मला भेटीला येता येणार नाही. बुधवारी काय केलंत ते डॉक्टरबाई मला फोनवर कळवणार आहेत.

तुमचीच वाट पाहणारी,
मंगल