‘झालं का?’ कापायचं नाही

लिहून ठेवणारी मी, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीची भूगोलाची शिक्षिका, सध्या विद्यार्थिनी, चित्रपट दिग्दर्शन, शेवटचं वर्ष. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. शरीराची हमी डॉक्टर देत नाहीत. मनाची मी देते: ते ठिकाणावर आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, सांगण्यावरून किंवा भिडेखातर केलेलं नाही. भिडेखातर मी आजवर एकदाच टाळ्या वाजवल्या, आमच्या प्राध्यापकांच्या चित्रपटाला. पुन्हा वाजवणार नाही.

कलम पहिले. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरची गच्ची, तसंच बँकेतली शिल्लक, माझ्या पश्चात आमच्या ह्यांची. ह्यांचं कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करायचं दुकान आहे. मी चित्रपट शिकायला निघाले तेव्हा नणंद म्हणाली, “नातवंडं खेळवायच्या वयात हे काय भलतंच!” दीर हसले. ह्यांनी एवढंच विचारलं, “वर्ग किती वाजता सुटतो? डबा लागेल ना?” घर ह्यांना का, असा प्रश्न कोणाला पडलाच तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम दुसरे. माझा ट्रायपॉड वर्गमित्राला द्यावा. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर असतो म्हणून त्याला सगळे मफलरच म्हणतात. गडी गुणी आहे, पण कॅमेरा म्हणून धड उभा ठेवील तर शपथ. त्याच्या चित्रपटात कोणी नुसतं पाणी प्यायलं तरी भूकंप होतो. माझं मत असं की कॅमेरा हलवायला कारण लागतं आणि स्थिर ठेवायला धीर लागतो. धीर मला देता येत नाही, तीन पाय देते. मफलर साक्षीदार म्हणून सही करायला आलाच होता. “ज्याला काही मिळतंय त्याला सही करता येत नाही,” असं वकीलबाईंनी सांगितल्यावर म्हणाला, “मग काकू, ट्रायपॉड राहू दे, मी सही करतो.” त्याला चहा देऊन परत पाठवला.

कलम तिसरे. आमच्या प्राध्यापकांविषयी. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं की दिग्दर्शकाने कट म्हटलं की शॉट संपला, पुढचं सगळं कचरा. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. माझ्या मते दिग्दर्शकांच्या दोनच जाती: आपल्याला किती कळतं हे दाखवणारे, आणि वाट बघणारे. मी दुसऱ्या जातीची आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा शेवटच्या वर्षाचा चित्रपट म्हणजे हे आणि ह्यांची कुलपं. हे कुलूप कानाशी धरतात, तार फिरवतात, कुलूप उघडतं. काम संपलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, “झालं का?” दर वेळी. मी कट म्हणायची घाई करत नाही, म्हणून ते दर वेळी चित्रित झालेलं आहे.

सर ते बघून वर्गासमोर म्हणाले, “बाई, तुम्ही कट म्हणायला उशीर करता. ही मान वर करणं, हा प्रश्न, सगळं उडवा.”

मी म्हटलं, “सर, मान खाली असते तोवर तो कारागीर. मान वर केली की माझा नवरा. मला दुसरा माणूस हवाय.”

मागच्या बाकावरून मफलरने शिट्टी मारली. चित्रीकरणाचे गुण कमी मिळाले ते मिळालेच. सरांना मी माझं मत ठेवून जाते. जिवंतपणी त्यांनी ते घेतलं नाही.

कलम चौथे, आणि ह्यासाठीच हा सगळा खटाटोप. चित्रपटाचं संकलन अजून व्हायचं आहे. उद्या मी टेबलावरून उठले नाही, तर सर तो दुसऱ्या कोणाच्या हाती देतील आणि त्यातला माझा नवरा काढून टाकतील. म्हणून संकलनाचे सर्व हक्क मी माझ्या मुलाला देते. मुलगा जाहिराती करतो. त्याचा हात सफाईदार आहे, ते मान्य. पण परवाच म्हणाला, “आई, एवढा वेळ कुलूप? लोक उठून जातील गं.”

“जाऊ देत. घाई असेल त्यांनी जाहिराती बघाव्यात. तू करतोसच ना?”

हसला, पण मनातून बधला नाही. मी त्याला ओळखून आहे, म्हणून अटी लेखी. एकही ‘झालं का?’ कापायचं नाही. पार्श्वसंगीत घालायचं नाही. ज्या प्रसंगाला स्वतःला रडू येत नाही त्याच्या मागे व्हायोलिन लावतात. आणि संकलनाला ह्यांनी शेजारी बसायचं. हात मुलाचा, शब्द बापाचा.

शेवटचा शॉट आज सकाळीच घेतला. मी इस्पितळाची पिशवी भरत होते. ह्यांच्या हातात कॅमेरा दिला आणि बजावलं, “चेन लावली की बटण दाबून बंद करा.” ह्यांनी उभ्या जन्मात कॅमेरा धरलेला नाही. चौकट तिरकी आहे, माझं अर्धं डोकं बाहेर आहे, आणि स्पष्ट दिसतोय तो मागचा पडदा. मी चेन लावली. मान वर केली, तर लाल दिवा चालूच. मीच विचारलं, “झालं का?”

कॅमेऱ्यामागून आवाज आला, “नाही गं. राहू दे अजून.”

तीन वर्षांत मी पुष्कळ बघितलं, नावाजलेलंही बघितलं. ह्याहून चांगलं दिग्दर्शन मला सापडलेलं नाही. हा शॉट कुठे संपवायचा ते मुलाने किंवा सरांनी सांगू नये. कट ह्यांनी म्हणायचं, ह्यांना वाटेल तेव्हा. मला घाई नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) लिहून ठेवणारी, विद्यार्थिनी

साक्षीदार:
(सही) दंतवैद्य, तळमजला
(सही) प्रोजेक्टर चालवणारे, चित्रपट विद्यालय

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, ओट्यासमोरचं टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार