शेवटची गाडी

२ डिसेंबर, सौंसर
सौंसरच्या समस्त जनतेवर होणाऱ्या एका अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो. नागपुरात पाहिलेल्या एकाही पिक्चरचा शेवट आम्हाला ठाऊक नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून अर्धं सौंसर अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत उठतं. त्या अंतराळ मोहिमेच्या पिक्चरला तर कळसच झाला. यान निघालं, कप्तानबाई बाहेरच राहिली, दार बंद होऊन राहिलं — आणि मी बायकोचा, सुनंदाचा हात ओढून, "चाल, गाडी जाते." आली बिचारी. बोरगाव आल्यावर म्हणाली, "एक शेवट बाकी हाये तुमच्याकडं."
आता त्याचा दुसरा भाग आलाय. हरवलेल्यांच्या शोधात नवी मोहीम. हरवलं कोण, तेच माहीत नाही आम्हाला.

३ डिसेंबर
काल लिहायचं होतं ते हे — सुनंदाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला दिलाय. ते लिहायला बसलो आणि गाडीवर लिहिलं.

५ डिसेंबर
रिपोर्ट उद्या. शेजारचा गुणवंता धीर द्यायला आला. "काई नसते निंघत सर. माह्या साळीची साधीच निंघाली."
बरोबर, म्हटलं. तो गेल्यावर वाटलं, या भागाच्या वाट्याच्या साध्या गाठी त्याच्या मेहुणीनंच संपवल्या असतील तर?
पेपरला गमतीचा लेख पाठवायचा होता. कागद अजून कोराच. सुनंदा आत संत्री सोलतेय, शिरा काढून, नेहमीसारखी. मला तिच्याकडे बघवत नाही.

६ डिसेंबर
साधी नाही. सोमवारी ऑपरेशन.
दवाखान्याबाहेर सुनंदा म्हणाली, "तो पिक्चर लागला ना इथं? चला."
"आज?"
"मंग कवा? केस गेल्यावर?"
गेलो. पडद्यावर काळोखच काळोख, आणि माझ्या मांडीवर रिपोर्टचं पाकीट. कप्तानबाई जिवंत आहे म्हणे, हाक ऐकू येते, यान जवळ जातंय. आमच्या पुढच्या रांगेतले दोघं उठले — सौंसरचेच. मी हललो नाही. आज शेवट दाखवायचाच तिला.
तिनंच माझं मनगट धरलं. "चला. गाडी जाते."
"बस ना. भेटते का पाहू."
"नाई. आज नाई पाहत मी. बाकी राहू द्या."
माझ्याआधी तीच उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

८ डिसेंबर, नागपूर
दुपारी आत नेलं. दार बंद होताना तिनं वळून पाहिलं. अजून बाहेर कोणी आलेलं नाही. बाहेर दिवे लागले. सोबत आलेला गुणवंता सवयीनं उठला — "सर, शेवटची गाडी..." आणि खाली पाहू लागला.
तू जा, म्हटलं.
मी उठलो नाही.