सुंदराक्काचा फोटू

१ मे, गुरु.
नातवानं, अभ्यानं, नवा कॅमेरा आणला. मिररलेस म्हणं. आत आरसाच नसतोय. म्हटलं, ह्यो कॅमेरा का पानाचा डबा? हसला. जुना धोंडा गळ्यात अडकवून मान गेली पोराची, हे खरं. राजारामपुरीच्या डॉक्टरनं पट्टा दिलाय. लग्नाचे फोटू काढणारा मानेला पट्टा घालून हिंडतोय, लोकांस्नी वाटंल ह्योच मांडवात पडला.

४ मे, रवि.
नव्या कॅमेऱ्यावर पहिलं लग्न. अभ्या फोटू काढत उभा, आन् नवरीचा मामा त्यालाच इचारतोय, "पावणं, फोटोग्राफर कधी येणार?" बाकीची सगळी मोबाईल घेऊन त्याच्या म्होरं. मोठा कॅमेरा बघून माणसं वाट देत्यात. डबीला कोण देतोय. घरी आला ते तोंड पाडून.

५ मे, सोम.
अभ्या म्हणतो, "आज्जी, जुना तू घे. बायकांकडचं तू काढ. हळद, ओटी, समदं."
"मी चौथी शिकलेली. मला काय येतंय?"
"नुसतं दाबायचं. बाकी मी लावून ठेवलंय."
दाबलं. खटाक. सून भाकरी थापत हुती, ती मागच्या काचेत आली. तोंड वाकडं आलं, पर ते हायच तसं. खाली लाल अक्षरं येत्यात, इंग्रजी. "ते बॅटरीचं गं. आन् मागची बटणं दाबू नको, सगळं पुसतंय."
बरं. जड हाय, पर घागरीपरास कमी.
रात्री झोप न्हाय. ह्या वयात काय एकेक.

९ मे, शुक्र.
नेसरीचं लग्न. "सरका, फोटूवाल्या आज्जी आल्या!" बायका आपनहून रांगंत. कुणाची नथ सरळ कर, कुणाचं पोर फुडं घे. अभ्या लांबनं बघून हसत हुता.
नवरीची आज्जी सुंदराक्का कोपऱ्यात. स्टोव्ह भडकला तवा गाल भाजलेला. तवापासनं डाव्या अंगाचा पदर सरकला न्हाय. घरचे तिला फोटूत घेतच न्हाईत. मला म्हणाली, "बाप्याम्होरं न्हाय बसणार. तू हाईस म्हणून बसतो."
परसात खुर्ची टाकली. म्हटलं, पदर काढ. तोंड हाय ते हाय. आधी मला दार लोटाय लावलं. मग काढला.
पाच-सहा काढलं. काचेत बघितलं तर बाई अशी ताठ बसलेली, पाटलीणच.
"देतीस न्हवं?" जीपपातूर मागं आली इचारत.
"देतो की."

१३ मे, मंगळ.
अभ्याला इचारलं. "प्रोसेसिंग चालू हाय." काल म्हणाला लॅबला दिल्यात. आम्ही मंगळवार पेठेत, लॅब काय अमेरिकेत हाय?
सुंदराक्काचा फोन आलता. दोनदा.

१६ मे, शुक्र.
शेजारची पूनम कॉलेजला जाती, तिला लाल अक्षरं दाखवली. वाचली. मग तळातलं झाकण उघडलं. आत नुसती फट.
"आज्जी, ह्यात कार्डच न्हाय. फोटू जरा येळ दिसतोय आन् जातोय. ऱ्हात न्हाय कुठं."
पोरगी माझ्याकडं बघंना.
म्हंजी नेसरीचं समदं...

संध्याकाळी अभ्याला धरला. "दोन्ही कार्डं नव्यात लागली गं."
"मग मला कशाला नाचवलास?"
म्हणतो, "लोकांस्नी मोठा कॅमेरा दिसाय लागतोय. आन् तू असलीस की बायका बी खूश."
सून मधीच, "त्यानं मान दिला तुमास्नी, आत्या."
मान! शेतात बुजगावण्याला बी सदरा घालत्यात. म्हंजी हिला बी ठाऊक हुतं. घरात मी सोडून समद्यास्नी ठाऊक.
जेवले न्हाय. कुणी उठवाय बी आलं न्हाय.

१७ मे, शनि.
अभ्यानं त्याच्या फोटूतनं एक हुडकून काढला. गर्दीच्या कडंला सुंदराक्का, अर्ध्या तोंडावर पदर. "ह्योच मोठा करून देऊ. तिला काय कळतंय?"
तिला काय कळतंय. माझ्याबद्दल बी हेच म्हणाला असंल.
फोटू त्याच्या अंगावर टाकला.

१८ मे, रवि.
सकाळी मीच नेसरीला फोन लावला. आडपडदा ठेवला न्हाय. म्हटलं, सुंदराक्का, फोटू निघालाच न्हाय. कॅमेरा रिकामा हुता. मला ठाऊक न्हवतं.
म्हणाली, "तुला ठाऊक न्हवतं?"
"आईशप्पथ न्हवतं."
"मग पदर काढाय लावलास ते कशापायी?"
तिनं फोन ठेवला.

आज शाहूपुरीत हळद हाय. अभ्यानं कार्ड आणलंय, माझ्यादेखत घातलं, झाकण लावलं, "बघ, आता खरं हाय." असंल. कार्ड हाय का पत्र्याचा तुकडा, इंग्रजी मला कुठं वाचता येतंय. पूनम गावाला गेलीया.
खाली रिक्षा आलीया. हाका चालू हाईत, "आज्जी, येतीस का न्हाय?"
नेसून बसले हाय. कॅमेरा मांडीवर. अजून उठले न्हाय.